सापामागे पंचवीस रुपये

तारीख १७ जुलै १९९४, रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम, प्रत्येक सापामागे पंचवीस रुपये. हजर, अठ्ठेचाळीस सभासदांपैकी एकवीस. त्यातले सात जण उभे, कारण खुर्च्या चौदाच होत्या. सभा ए बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये भरली होती. मी सोसायटीचा खजिनदार. सेक्रेटरींचं अक्षर कोणाला लागत नसे, म्हणून इतिवृत्तही मीच लिहायचो. ठरावाच्या वेळी एक जण हजर होता, पण त्याला सभासद म्हणून मोजायचं नव्हतं. तो आमचा दिवसपाळीचा वॉचमन. तो गेटपाशी उभा राहून ऐकत होता.

त्याला सगळे मामा म्हणत. वय पंचावन्नच्या आसपास, शेजारच्याच गावचा. पगार महिना साडेसातशे. आमच्या तीन बिल्डिंगा नेरुळच्या पश्चिमेला, खाडीकडच्या अंगाला आहेत. तिथे आधी भाताची खाचरं होती आणि बी बिल्डिंगखालची दोन खाचरं मामांची होती. जमीन संपादनात गेली, मोबदला त्या वेळच्या भावाने मिळाला आणि त्यात घराचं छप्पर झालं. हे मला त्यांनी कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. बी बिल्डिंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी का साचतं, असं मी एकदा विचारलं, तेव्हा उत्तरात हे सगळं आलं. "साहेब, तितं माजं सगळ्यात खोल खाचर होतं. तितं पानी येनारच."

आम्ही १९९२च्या एप्रिलमध्ये राहायला आलो. कंपाउंडच्या मागे रुंद चर होता. भरतीला त्यात खाडीचं पाणी चढायचं, पावसाळ्यात गोडं पाणी साचायचं. लव्हाळं, पाणकणीस, पाणकोंबड्या, बगळे. पाईपमोरीत एक घोरपड राहायची आणि दुपारी साडेबारा-एकला ऊन खायला बाहेर यायची. बेडूक इतके ओरडत, की पहिल्या वर्षी माझ्या बायकोने बातम्या ऐकायच्या म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. जिथे बेडूक तिथे साप. पण आमच्यातले बहुतेक जण चाळीतून नाहीतर उपनगरातल्या वन रूम किचनमधून आले होते. साप म्हणजे साप, एवढंच आम्हाला ठाऊक.

१९९४च्या जुलैत तळमजल्यावरच्या एका घरात चपलांच्या स्टँडखाली धामण निघाली. घरातल्या बाई पलंगावर उभ्या राहिल्या आणि चाळीस मिनिटं खाली उतरल्या नाहीत. मामा आले, त्यांनी हातानेच धामण उचलली, पोत्यात घातली, सायकलला अडकवली आणि खाडीच्या बांधापलीकडे सोडून आले. जाऊन-येऊन पाऊण तास गेला. तेवढा वेळ गेटवर कोणी नव्हतं, यावर एका सभासदाने हरकत घेतली. म्हणून सभा बोलावली आणि साप पकडून लांब सोडण्याबद्दल वेगळे पंचवीस रुपये ठरले.

ठरावात मी एक वाक्य स्वतःच्या डोक्याने घातलं: "सदर काम रखवालदार स्वखुशीने करीत असून ते त्याच्या नोकरीचा भाग मानले जाणार नाही." उद्या कोणी पगारवाढीसाठी या कामाकडे बोट दाखवू नये, म्हणून. सेक्रेटरी खूश झाले. "वा खजिनदार, तुमी वकीलच व्हायला पायजे होतं."

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायन कारखान्याच्या स्टोअर्समध्ये हिशेब बघायचो. माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय बिल पास करायचं नाही, हा तिथला नियम. तोच मी घरी आणला. मामा साप पकडला की पोतं घेऊन माझ्या दारात यायचे, तोंड जरासं सैल करून दाखवायचे, मी वहीत लिहायचो आणि मग ते सायकलवर टांग मारायचे. मी नुसती संख्या लिहिली नाही. जात, अंदाजे लांबी, कुठे सापडला, हेही लिहिलं. जुलैत सहा, ऑगस्टमध्ये सतरा, सप्टेंबरमध्ये एकोणीस. एकूण बेचाळीस, रुपये एक हजार पन्नास. बेचाळिसात एक नाग. बाकी सगळ्या पाणदिवडी, नानेटी आणि धामणी, म्हणजे बिनविषारी. वही माझ्याकडे होती, त्यामुळे हे सोसायटीत फक्त मला आणि मामांना माहीत होतं. मी ते सभेत कधी वाचून दाखवलं नाही. कोणी विचारलं नाही.

वहीतूनच ती गोष्ट निघाली. ३१ जुलैला लिहिलं होतं: धामण, सुमारे साडेसहा फूट, शेपटीचं टोक तुटलेलं. २१ ऑगस्टला पुन्हा शेपूट तुटलेली धामण, साडेसहा फूट. ११ सप्टेंबरला तीच. पंचाहत्तर रुपये एका सापावर गेले होते. त्यातले पन्नास जादा.

मी मामांना विचारलं. गेटवरच्या स्टुलावर बसून ते तंबाखू मळत होते.

"मामा, ही धामण तीनदा कशी?"

"ती परत येते, साहेब."

"एवढ्या लांबून?"

"तिचं बीळ हितं हाय. मी बांधापलीकडं सोडतो, ती चार-आठ दिसांत येते. आता मी काय करू? तिला रस्ता ठावा हाय."

"तुम्ही खरंच सोडता ना?"

मामांनी तंबाखू मळणं थांबवलं. मग तंबाखू ओठाखाली ठेवून म्हणाले, "या एकदा डबल सीट. दाखवतो."

मी गेलो नाही. जायला हवं होतं. पाऊण तासाचं काम होतं.

दुसरी सभा २ ऑक्टोबर १९९४, रविवार, हजर सव्वीस. विषय, सापांवरील वाढता खर्च. सप्टेंबरचे चारशे पंच्याहत्तर रुपये ऐकून लोक चिडले होते.

"म्हणजे पगाराच्या अर्ध्याहून जास्त खर्च सापाचाच! मामांनी सापच पाळलेत की काय?"

"साप पण आता पेरोलवर घ्या. पीएफ कापा त्याचा."

सगळे हसले. मीही हसलो. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायचे, त्यांनी आयुष्यभर गोदीत काम केलेलं. ते म्हणाले, "एकच साप फिरवून फिरवून दाखवत नाही कशावरून? खजिनदार, तुमच्याकडे काय कंट्रोल आहे?"

कंट्रोल हा शब्द मला लागला. मी सांगितलं, की आमच्या स्टोअर्समध्ये रिकामे ड्रम परत आले की त्यांना मोजून लगेच भोक पाडतात, म्हणजे तोच ड्रम दुसऱ्यांदा मोजला जात नाही. तसंच सापाच्या शेपटीचं टोक कापावं.

"आणि जिवंत सोडायचा? चिडून येऊन डसला म्हणजे?" निवृत्त गृहस्थ म्हणाले. "त्यापेक्षा मारा आणि मग कापा. डबल कंट्रोल."

मी वही उघडून म्हणू शकलो असतो, की बेचाळिसात एकेचाळीस निरुपद्रवी आहेत. त्याऐवजी मी आणखी एक मुद्दा मांडला: सप्टेंबरमधल्या एकोणिसात नऊ पिल्लं होती, पिल्लाला पूर्ण दर देणं बरोबर नाही. ठरलं ते असं. साप मारून दाखवावा. रविवारी सकाळी दहा वाजता खजिनदाराने मोजावा, शेपूट कापावी. दीड फुटाच्या आत असल्यास साडेबारा रुपये, वर असल्यास पंचवीस. लांबी टेपने मोजून लिहावी.

कोणीतरी म्हणालं, "अहो, आज गांधी जयंती आहे. निदान तारीख तरी उद्याची घाला." मी म्हणालो, सभा ज्या दिवशी झाली तीच तारीख लागेल. तीच लावली.

मामांना बोलावून सांगितलं. ते म्हणाले, "मी धामन मारत नाय. आमच्यात कोनीच मारत नाय. ती शेतात असली म्हंजी उंदीर नाय."

"आता शेत कुठंय, मामा?" सेक्रेटरी म्हणाले. वाईट हेतूने नाही; त्यांचं बोलणंच तसं होतं. "आणि जमत नसेल तर तसं सांगा. एजन्सीवाला येऊन गेलाय. युनिफॉर्म, शिट्टी, सगळं देतो."

मामा गेटकडे परत गेले. त्यांची बायको नेरुळच्या बाजारात सुकी मासळी विकायची आणि घरात दरमहा ठरून येणारा पैसा एवढाच, हे साडेसातशे. गावातल्या त्यांच्या वयाच्या माणसांना दुसरीकडे कोणी ठेवून घेत नव्हतं. ते तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. सेक्रेटरींना तर नक्कीच.

पुढच्या रविवारी मीटर रूमच्या बाहेर पोत्यावर तीन साप ओळीने ठेवलेले होते. मधला शेपूट तुटलेली धामण. तिला कापायचं काही उरलंच नव्हतं. मामा म्हणाले, "हिची खूण आधीचीच हाय, साहेब. लिवा." मी सहा फूट सात इंच लिहिलं. टेप धरताना माझ्या लक्षात आलं, की टोक तुटलं नसतं तर ही सात फूट भरली असती.

त्या हिवाळ्यात मागचा चरही गेला. जूनपासून ट्रक येतच होते, डिसेंबरपासून दिवसाला दहा-बारा येऊ लागले. मुरूम, तोडलेल्या घरांचा राडारोडा, टाईल्सचे तुकडे, एकदा एक अख्खं बेसिन. तिथे पुढे रस्ता व्हायचा होता. पाणकोंबड्या आधी गेल्या. घोरपड मोरीच्या तोंडाशी जानेवारीपर्यंत दिसायची. मग मोरीच बुजली. ती आत राहिली की निघाली, हे मला माहीत नाही. भरावाखालून निघालेले साप कंपाउंडमध्ये येत आणि मामा त्यांना बांबूने मारत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मोठे एकतीस, छोटे चौदा. सातशे पंच्याहत्तर अधिक एकशे पंच्याहत्तर, नऊशे पन्नास रुपये. मार्चपासून पान कोरं. सभेत सेक्रेटरींनी माझं अभिनंदन केलं, की साप संपले आणि खर्चही.

मे महिन्यात उंदीर आले. पहिल्यांदा मीटर रूममधली वायर कुरतडली, सी बिल्डिंगमध्ये एकोणीस तास वीज नव्हती. मग खालच्या टाकीत मेलेला उंदीर सापडला, टाकी धुवायला चारशे रुपये. कंपाउंडच्या भिंतीला लागून बिळंच बिळं. मी सत्तावीसपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. औषध टाकलं. उंदीर मेले, वास आला, नवे आले.

जूनच्या शेवटी मामा गेटवर मला थांबवून म्हणाले, "साहेब, भिंतीकडं घोनस हाय. उंदरावर आली. दोन तरी हायत."

"मग?"

"मग काय? धामन होती तवा ही नव्हती. हिला मी हात नाय लावनार. कोनी तरी जानता मानूस बोलवा."

मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "जाणता माणूस म्हणजे मामाच की. आपला ठराव आहे ना?" ठराव होता. मी परत मामांना काही सांगायला गेलो नाही.

६ ऑगस्ट १९९५, रविवार. सकाळी साडेनऊला भिंतीजवळ मुलं क्रिकेट खेळत होती आणि चेंडू आणायला गेलेल्या मुलीने ती पाहिली. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून सेक्रेटरी ओरडले, "मामा, मारा, मारा! काय बघत बसलाय?" मामांनी बांबू घेतला. सहा-सात फटके मारले, मुलांनी मोजले. घोणस निपचित पडली. तिला मीटर रूमपाशी आणून पोत्यावर ठेवलं आणि दहाला मी टेप घेऊन खाली उतरलो. मला अकराला वाशीला एका लग्नाला जायचं होतं.

जाड, तपकिरी, अंगावर साखळीसारखे ठिपके. वेटोळं घालून पडली होती.

"सरळ करा, मामा. वेटोळं कसं मोजायचं?"

"जरा थांबा, साहेब. थंड पडू द्या."

"मेलीय की."

"मेलीय. पन थांबा. हिचं डोकं उशिरा मरतं."

"मामा, मला अकराला निघायचंय."

त्यांनी काठीने मान दाबली आणि उजव्या हाताने शरीर सरळ करत आणलं. मी शेपटीकडे टेपचं टोक धरलं होतं. काठी पोत्यावर घसरली. ठेचलेलं डोकं वळलं आणि त्यांच्या पहिल्या बोटावर बंद झालं. मामा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "धरलं."

मी म्हणालो, "मेलेली होती ना?" त्या क्षणी मी हेच म्हणालो.

रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे लस नव्हती. तिथून दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात, एकूण एक तास दहा मिनिटं. तोपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. एकवीस दिवस ते तिथे होते. मूत्रपिंडं जवळजवळ गेली होती, ती वाचली. पहिलं बोट मुळापासून काढलं, मधलं अर्धं. रुग्णालयाचा खर्च फारसा नव्हता, पण बाहेरून आणलेल्या औषधांची बिलं सहा हजार तीनशे चाळीस रुपयांची झाली. ती मी स्वतः तपासली. बरोबर होती. तेवढे पैसे मामांच्या बायकोने हातातल्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले होते.

तिसरी सभा १० सप्टेंबर १९९५, रविवार, हजर एकोणतीस. मी मांडलं, की औषधाचा खर्च सोसायटीने द्यावा. घरटी एकशे बत्तीस रुपये येतात. आणि मामांना परत कामावर घ्यावं. गेट उघडायला आठ बोटं पुरतात.

 मग निवृत्त गृहस्थ म्हणाले, "दुःख सगळ्यांना आहे. पण प्रिसिडेंट नको, पायंडा पडेल. उद्या प्लंबर पडला तर?" त्यांनी जुनं इतिवृत्त मागून घेतलं आणि माझ्याच अक्षरातलं वाचून दाखवलं: "सदर काम रखवालदार स्वखुशीने करीत असून ते त्याच्या नोकरीचा भाग मानले जाणार नाही." वाचून झाल्यावर वही माझ्याकडे परत दिली. "स्पष्ट लिहिलंय, खजिनदार. छान लिहिलंय."

मतदान झालं. बाजूने आठ, विरुद्ध सतरा, तटस्थ चार. मामांच्या जागी एजन्सीचा माणूस आधीच उभा होता, महिना अकराशे रुपये, म्हणजे साडेतीनशे जास्त. त्याच सभेत कंपाउंडची सगळी जमीन सिमेंटने पक्की करायचं ठरलं, घरटी दोनशे रुपये. एकमताने.

बाजूने मत दिलेल्या आठांपैकी माझ्याखेरीजच्या सात जणांकडे मी त्या आठवड्यात गेलो. सोसायटी देत नसेल तर आपापले एकशे बत्तीस आपण देऊ, असं म्हणालो. पाच जणांनी पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. दोघांनी दिले. तिसरा मी. तीनशे शहाण्णव रुपये जमले. मी माझ्या वाट्याचे एकशे बत्तीसच दिले, जास्त दिले नाहीत. त्या महिन्यात माझ्या बँकेच्या पुस्तकात अकरा हजार शिल्लक होते. आज इतक्या वर्षांनी ते पुस्तक माझ्याकडे आहे आणि मी तो आकडा पुन्हा बघितला आहे.

१७ सप्टेंबरला मी गावात त्यांच्या घरी गेलो. मामा खाटेवर बसले होते, हात पांढऱ्या फडक्यात. बायको दारात सुकट निवडत होती. तिने मला बसायला सांगितलं नाही, पण पाणी आणून दिलं.

"साहेब, एजन्सीचा कसा हाय?" मामांनी विचारलं.

"आहे. शिट्टी वाजवतो."

"साप आल्यावं?"

"पळतो."

मामा जरासे हसले. "हुशार हाय."

मी परत घेण्याबद्दल विचारलं होतं, सभेने नाही म्हटलं, हे सांगितलं. ते म्हणाले, "मना ठावं हाय. गावात कालच समजलं." मी व्हाउचर काढलं. ऑगस्टचे सहा दिवस, साडेसातशेला एकतीसने भागून गुणिले सहा, एकशे पंचेचाळीस रुपये सोळा पैसे, म्हणजे एकशे पंचेचाळीस. अधिक वर्गणीचे तीनशे शहाण्णव. पैसे बायकोच्या हातात दिले. तिने दोनदा मोजले.

"आनी त्या सापाचं?"

मला कळलं नाही.

"ज्यानं ह्यांचा हात नेला, त्याचं पंचवीस. त्यो मारलाच ना यानी? का त्याचं पन नाय देनार तुमी?"

ठरावाप्रमाणे लांबी मोजून लिहिल्याखेरीज रक्कम देता येत नव्हती. त्या दिवशी मोजणी झालीच नव्हती. साप कचऱ्याच्या गाडीत गेला होता. वहीतला तो रकाना मोकळा होता. मी मामांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते.

मी वही उघडून लिहिलं: घोणस, एक, मेलेली, लांबी तीन फूट दोन इंच, शेपूट कापली. खाली माझी सही केली. खिशातून पंचवीस काढून तिला दिले आणि व्हाउचरवर आकडा दुरुस्त केला. तिने रेव्हेन्यू स्टँपवर अंगठा उठवला. एकूण पाचशे सहासष्ट रुपये, मामांच्या बायकोला, रोख.